अनसाआत्याच्या कॅसेटी

आमच्या घरात वाचायचं काम माझ्याकडे आलं ते हुशारीमुळे नाही, नालायकीमुळे. अमरावतीच्या कडेला, चांदूर बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आमचं फुलांचं शेत होतं. शेवंती, झेंडू, निशिगंध, आणि बांधाच्या कडेनं घरापुरती मेथी-वांगी. सकाळी खुडलेली फुलं पडवीत ओल्या बारदानावर पसरलेली असत. दुपारची जेवणं उरकली की आई, आत्या आणि शेजारच्या कमलाकाकू भिंतीला पाठ लावून हार ओवायला बसत. मला ओवता यायचं नाही. माझ्या हातचा हार एकीकडे दाट आणि दुसरीकडे विरळ, शिवाय झेंडूचा चीक लागला की बोटांवर पुरळ उठायचं. शेवटी बाबा वैतागून म्हणाले की हिच्या हातात सुई देण्यापेक्षा पुस्तक द्या, निदान मालाची नासाडी तरी थांबेल. बाबांना वाचनाचं वेड होतं, पण त्यांचा दिवस शेतात जायचा. बाजारात फुलं घालून परत येताना ते वाचनालयातून जाडजूड कादंबऱ्या उचलून आणायचे, आणि त्या सगळ्या मी पडवीत मोठ्यानं वाचायची.

हार ओवणाऱ्या घरात कुणीतरी वाचावं, गावं किंवा भांडावं लागतं, नाहीतर बसल्या जागी हात झोपतात. पण वाचनाचा परिणाम थेट मालावर होई. गोष्टीत कुणी मेलं की तिघींचे हात सैल पडायचे आणि हार ढिले व्हायचे. मारामारी आली की फुलं इतकी घट्ट ओढली जायची की पाकळ्या चेंगरायच्या. बाजारातल्या हारवाल्यानं एकदा बाबांना विचारलं की तुमच्या घरचे हार परवा चांगले होते, काल काय झालं? काल एका बाईला सासरच्यांनी घराबाहेर काढलं होतं, हे बाबा त्याला कसं सांगणार? तेव्हापासून घरात नियम झाला, लग्नसराईत रडकी प्रकरणं वाचायची नाहीत. मी आदल्या दिवशी पुढची पानं चाळून ठेवायची आणि कुणी दगावणार असं दिसलं तर दुसरंच पुस्तक काढायची. एका कादंबरीतल्या भल्या सासऱ्याला मी लग्नाच्या तिथी संपेपर्यंत जिवंत ठेवला होता. त्या दिवसांचा वास आजही माझ्या नाकात आहे. ओलं बारदान, निशिगंध, जेवणातल्या आंबाडीच्या भाजीवरचं लसणाचं तेल, आणि मागे विहिरीवरच्या मोटारीची एकसारखी घरघर.

अनसाआत्या ही बाबांची मोठी बहीण. तिला मोर्शीकडे संत्र्याच्या बगीचेवाल्या घरी दिली होती. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, आणि ती माहेरी परत आली ती कायमचीच. शाळेची पायरी तिनं कधी चढली नाही. पण तिच्या हातासारखा हात आमच्या भागात कुणाचा नव्हता. ती फुलाकडे बघायचीच नाही. बोटं आपली चालत असत आणि डोळे माझ्या तोंडाकडे. ऐकण्याची एवढी भूक मी नंतर कुणात पाहिली नाही. आणि प्रश्न, किती ते प्रश्न. हा कोण होय? याचं नि तिचं नातं काय? काल तो गावाला गेला होता ना, मग आज घरात कसा? दर पानाला ती मला थांबवायची. कमलाकाकू कुरकुरायच्या, "गाढवापुढे वाचली गीता, कालचा गोंधळ बरा होता." आत्या हसायची आणि परत विचारायची. मी सांगायची. सांगता सांगता तिच्या पोटातलं काहीबाही बाहेर पडायचं, अमक्या नणंदेचं, तमक्या दिराचं, पाठीत चमक भरल्याचं. गोष्ट थांबली की आत्या स्वतःचं बोलायची. बाकी वेळेला ती स्वतःबद्दल बोलणारी बाईच नव्हती.

आता मी पन्नाशी ओलांडून बरीच पुढे आले आहे. घरी बसून काम करते, अमरावतीतच, दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत. आमची कंपनी उत्तरं देणारी यंत्रं बनवते. लोक प्रश्न टाकतात आणि यंत्र गोड आवाजात बोलतं. दिवसभर पडद्याकडे पाहून डोळे चुरचुरतात, आणि संध्याकाळी पुस्तक उघडलं तर एका पानाच्या पलीकडे जाववत नाही. पुस्तकं विकत मात्र घेते, उशाशी ढीग आहे. मोठ्यानं तर मी कित्येक वर्षांत काही वाचलेलं नाही. ऐकणार कोण? घरात प्रत्येकाच्या कानात आपापलं यंत्र आहे. हे रडगाणं नाही, थकलेल्या माणसाची टिपणी आहे.

बारावीनंतर मला अकोल्याच्या कॉलेजात संगणकाच्या शाखेला प्रवेश मिळाला. संगणक म्हणजे काय ते आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. पण पोरगी इंजिनियर होणार म्हणून बाबांनी गल्लीत पेढे वाटले. पडवीत मात्र वेगळाच घोर लागला. आईला अक्षर लावून लावून वाचता यायचं, पण तिचे हात मालाला हवे होते. आता वाचणार कोण, हा प्रश्न घरात कुणी तोंडानं काढला नाही. चार दिवस मी प्रत्येकीच्या चेहऱ्यावर तो पाहत होते, आणि मला जावंसंही वाटत होतं आणि जीवही तुटत होता. एका दुपारी आईनंच विषय काढला, अमरावतीतच काही जमतं का बघू म्हणाली. तेव्हा आत्यानं हातातला हार खाली ठेवला. "जाऊ द्या तिले," ती म्हणाली. "आमी काय आयकल्याबिगर मरतो काय?" एवढं बोलून तिनं हार परत उचलला. तो हार ढिला झाला होता, मी पाहिलं.

मग मला कॅसेटची कल्पना सुचली. बाबांकडे रेडिओ आणि टेप एकत्र असलेलं यंत्र होतं. बियाणं ठेवायच्या खोलीत, खिडकीला गोधडी लावून, जून महिन्याच्या दुपारी घामानं चिंब होत मी एक अख्खी कादंबरी कॅसेटींवर वाचून काढली. पहिली कॅसेट पडवीत लावली आणि फजिती झाली. गोष्ट सुरू होऊन थोडा वेळ होतो न होतो तोच आत्या म्हणाली, थांब वं, हा कोण होय? टेप कशाला थांबतो? तिघींचे हात ओले, मांडीवर फुलं, दोऱ्यात सुई अडकलेली. बटण दाबायला उठणार कोण? आत्या "थांब, थांब" म्हणत राहिली, टेप पुढे पळत राहिला, आणि कमलाकाकूंना हसून हसून ठसका लागला. आत्याही हसली. पण प्रकरण संपलं तेव्हा ती म्हणाली की काहीच समजलं नाही, आणि तिचा चेहरा पाहून मला वाईट वाटलं.

मी सगळं पुसून नव्यानं वाचायला बसले. या वेळी जिथं आत्या हटकून विचारेल असं वाटलं तिथं मी थांबले. तिचा प्रश्न पुरा व्हावा इतका वेळ गप्प बसले, आणि मग उत्तर देऊन पुढे गेले. "आत्या, हा तोच, धाकटा दीर, विहिरीवरून भांडलेला." "नाही, ती अजून माहेरीच आहे." "दम धर, सांगते ना." तिच्या बाजूला बसून मी इतकी वर्षं काढली होती की ती कुठं अडेल हे मला आधीच ऐकू यायचं. माणसानं काय विचारावं याचा आधी अंदाज बांधायचा आणि त्याचं उत्तर तयार ठेवायचं, हेच काम पुढे मी आयुष्यभर पगार घेऊन केलं. तो माझा पहिला प्रोग्रॅम होता. पुढचा एकही तितका चांगला झाला नाही.

ज्या दिवशी ती कॅसेट लागली त्या दिवशी मी मुद्दाम शेतात जाऊन बसले आणि तिथूनच कान देऊन ऐकत राहिले. आत्यानं विचारलं, आणि टेपातल्या मी उत्तर दिलं. कमलाकाकू म्हणाल्या, "भूतच होय बाप्पा हे." आत्यानं पुन्हा पुढच्या जागेवर विचारलं, पुन्हा उत्तर आलं. सगळ्या जागा बरोबर पडल्या असं नाही. मधेच टेप भलत्याचंच नाव सांगायचा आणि हशा पिकायचा. पण संध्याकाळी आत्या माझ्याजवळ आली आणि तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं आपल्या कानशिलावर मोडली. तिच्या हाताला निशिगंधाचा वास होता. मी सुटले असं मला वाटलं, आणि त्या वाटण्यात आनंदच होता, खोटं कशाला बोलू.

अकोल्याचं ऊन अमरावतीच्या उन्हाला लाजवणारं. हॉस्टेलच्या पत्र्याखाली आम्ही भाजून निघायचो आणि संगणकाच्या खोलीत मात्र थंडगार हवा. चपला बाहेर काढून, हात पुसून आत जायचं, देवघरात जावं तसं. मला ते सगळं आवडू लागलं. यंत्र शिव्या देत नाही, कंटाळत नाही, चूक आपली असेल तर तेवढीच दाखवतं. वाचनही बदललं. कादंबऱ्या मागे पडल्या आणि मी जाड इंग्रजी पुस्तकं चाळू लागले. पण घरी कॅसेटी पाठवायचा नेम मी मोडला नव्हता. हॉस्टेलच्या मागच्या खोलीत रेकॉर्ड करायची आणि एसटीच्या कंडक्टरजवळ पिशवी द्यायची. अमरावतीच्या स्टँडवर बाबा उभे असत. परत येताना त्याच पिशवीतून बाजरीची खारोडी, आत्याच्या हातचा ठेचा, असं काहीबाही उलट यायचं.

परीक्षा जवळ आल्या की वेळ पुरायचा नाही. आत्या कुठं काय विचारेल याचा विचार करत बसणं परवडेना. तेव्हा मला एक गोष्ट उमगली. उत्तर जितकं मोघम, तितकं ते जास्त प्रश्नांना चालतं. धाकटा दीर म्हटलं तर एकाच जागी बसतं. दम धर म्हटलं तर कुठंही बसतं. मग मी अशी चार-दोन गुळगुळीत वाक्यं ठरवली आणि ठरावीक अंतरानं ती पेरत गेले. कमी कष्टात जास्त काम, संगणकाच्या वर्गात तेच तर शिकवत होते. माझ्या कंपनीतली तरुण मंडळी आज जेव्हा मोठ्या उत्साहानं हीच युक्ती मला समजावून सांगतात, तेव्हा मी मान हलवते. एवढ्यातेवढ्यावरून वाद घालण्याचा जोर आता माझ्यात उरलेला नाही.

दिवाळीला घरी गेले तेव्हा आईनं हसत हसत सांगितलं की तुझी आत्या आता टेपाशी गप्पा मारते. तू तिकडं गप्प झालीस की ही आपलं सुरू करते, मोर्शीच्या जावेनं काय केलं, कुत्र्यानं कुठली पाटी उलटवली. आणि तू म्हणतेस, हो ना आत्या, मग? आम्ही पोट धरून हसतो. आत्याही हसत होती. तिच्या समोरच्या हारांचा ढीग नेहमीपेक्षा लहान होता, आणि ती उजव्या हातानंच दोरा ओढत होती, डावा मांडीवर पडून होता. मला ते दिसलं आणि वय झालं असं मी समजले. आईही तेच समजली. घरात रोज समोर असलेलं माणूस दिसत नाही ते असं.

उन्हाळ्याच्या तोंडावर बाबा आणि आई तिला घेऊन अकोल्याला आले. हात वर होईना म्हणून आई तिला लुगडं नेसवायला गेली होती, तेव्हा काखेजवळची गाठ तिच्या हाताला लागली. नुसती लागली नाही, ती फुटायला आली होती. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासलं, बाबांना बाजूला घेतलं, आणि मग सगळ्यांसमोर ते आईवर डाफरले की इतके महिने तुम्ही काय करत होता. आई रडकुंडीला आली. तिचं म्हणणं एकच, हिनं कुणाला कळू दिलं नाही. वॉर्डात खाटेपाशी आल्यावर तिनं आत्याला विचारलं, दरडावूनच विचारलं, "कावून नाही सांगतलं वो बाई? घरात मानसं नव्हती काय?"

आत्यानं माझ्याकडे बोट केलं. "सांगतलं होतं ना. इले सांगतलं."

मी म्हटलं, आत्या, मला कधी सांगितलंस? मी तर दिवाळीला चार दिवस तुझ्यासोबत होते.

"टेपात सांगतलं," ती म्हणाली. "दिवाईच्या आधी. गाठ लागून राहिली म्हनलं काखेपाशी. तं तू म्हनली, काई होत नाई आत्या, पुढे समदं बरं होते."

ते वाक्य माझंच होतं, ठरवलेल्या वाक्यांपैकी एक. कादंबरीत कुणाला ताप आला, कुणी परागंदा झालं, की मी ते पेरायची. आईनं तोंडावर पदर घेतला. तिला आठवलं असावं, त्या दिवशी पडवीत सगळ्या हसल्या होत्या, गाठ हा शब्दसुद्धा कुणी नीट ऐकला नव्हता. मला राग आला, कुणाचा ते कळेना, म्हणून मी आत्यावरच ओरडले. ती कॅसेट होती, तिला काय समजतं, ती मी नव्हते, एवढंही तुला समजू नये का?

"मले काय समजत नाई काय, ते टेप होय म्हनून?" आत्या शांतपणे म्हणाली. "पन आवाज तं तुहाच होता ना बाई."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, हे मी आजही शपथेवर सांगेन. तिला धीर हवा होता, तो तिला माझ्या आवाजात मिळाला आणि तिनं तो घेतला. खऱ्या मला सांगितलं असतं तर मी घाबरले असते, धावपळ केली असती, परीक्षा बुडवली असती. टेप घाबरला नाही. कधी कधी वाटतं की तिनं सांगायला मुद्दाम टेपच निवडला. कधी वाटतं, ही मी माझ्या सोयीची समजूत काढते आहे. इतक्या वर्षांत मला हे ठरवता आलेलं नाही. हल्ली आमच्या यंत्रांशी लोक काय काय बोलतात ते मला कामाचा भाग म्हणून वाचावं लागतं. नोकरीचं विचारता विचारता मधेच कुणी लिहितं की झोप लागत नाही, छातीत धडधडतं. यंत्र फार सुंदर उत्तर देतं, माझ्या त्या वाक्यापेक्षा कितीतरी सुंदर. मी ते वाचते आणि खुर्चीतून उठून गॅलरीत जाऊन उभी राहते. पडद्यावरच्या सहकाऱ्यांना वाटतं, बाईंची पाठ दुखते.

आत्या पावसाळ्यापर्यंत राहिली नाही. पण जाण्याआधी ती बरेच दिवस त्या वॉर्डात होती, आणि कॉलेज सुटलं की मी तिच्याकडे जायची. टेप आणू का असं बाबांनी विचारलं तेव्हा मीच नको म्हटलं. अर्धवट राहिलेली कादंबरी घेऊन मी खाटेपाशी स्टुलावर बसायची आणि वाचायची. शेजारच्या खाटेवरच्या बाईची सून संत्री सोलत सोलत ऐकायची. मी जुन्या सवयीनं थांबत होते. नवं माणूस आलं की थांबायची, नातं आलं की थांबायची, पानावर बोट ठेवून तिच्याकडे बघायची. आत्या जागी असे, ऐकत असे, पण विचारत नसे. एक अख्खं प्रकरण तिच्या एकाही प्रश्नाशिवाय पार पडलं, आणि ते प्रकरण साधं नव्हतं, त्यात तीन पिढ्यांचा गुंता होता.

मी पुस्तक मिटलं आणि म्हटलं, आत्या, विचार ना काहीतरी. समजलं का सगळं?

"आता मले नाई इचारायचं," ती म्हणाली. पंखा वर खडखडत होता, तिचा आवाज बारीक झाला होता, मला वाकून ऐकावं लागलं. "लय इचारलं. आता तू इचार मले."

मी काय विचारणार? तिला मी आजवर फक्त उत्तरं दिली होती, तोंडानंही आणि टेपातूनही. तिच्या लग्नाचं, त्या बगीच्याचं, नवरा गेला त्या दिवसाचं, काही काही मी तिला विचारलेलं नव्हतं. पडवीतला सगळा जन्म तिच्याजवळ बसून काढलेली मी, चाचपडत, पहिलाच प्रश्न विचारावा तसं विचारलं, "दुखते काय, आत्या?"

तिनं माझा हात धरला आणि डोळे मिटले.

"लय दुखते, बाई," ती म्हणाली.